अवयवासोबत येणारा जंतुसंसर्ग

प्रत्यारोपित अवयवासोबत दात्याच्या शरीरातील जिवाणू रुग्णाच्या शरीरात शिरल्यास त्याला दात्याकडून आलेला संसर्ग म्हणतात. असे प्रसंग क्वचितच घडतात. मात्र घडल्यास अवयव निकामी होण्याची, प्रसंगी रुग्ण दगावण्याचीही भीती असते. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी कमी केलेली असते. जिवाणूंचे त्यामुळे फावते.

मेंदूमृत दाता बहुधा काही दिवस अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असतो. तेथे क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास अशा अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंची त्याला बाधा होऊ शकते. नव्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीच्या जोडावर हा संसर्ग पोहोचल्यास वाहिनी फुटून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. दात्यातील सुप्त क्षयरोगही अवयवासोबत रुग्णाकडे जाऊ शकतो.

खरी अडचण वेळेची आहे. दात्याच्या रक्ताच्या कल्चर तपासणीचा अंतिम अहवाल येण्यास काही दिवस लागतात. काढलेले हृदय मात्र साधारण ४ ते ६ तासांत बसवावे लागते. मूत्रपिंडही सुमारे २४ ते ३६ तासच टिकते. म्हणजेच अहवाल हाती येतो तेव्हा शस्त्रक्रिया उरकलेली असते. एकाच दात्याचे अवयव अनेक रुग्णालयांत जात असल्याने हा उशिरा आलेला अहवाल प्रत्येक ठिकाणी तातडीने पोहोचणे अत्यावश्यक ठरते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या अवयववाटपाचे काम पाहतात.

संसर्ग आढळला म्हणून प्रत्येक दाता बाद होत नाही. जिवाणूजन्य मेंदूज्वराने दगावलेल्या दात्यावर योग्य प्रतिजैविकांचे उपचार झाले असतील आणि रुग्णालाही ती औषधे दिली, तर अवयव वापरता येतात. निर्णय घेताना संसर्गाचा धोका आणि अवयवाविना थांबण्याचा धोका, दोन्ही तोलावे लागतात.

जळगाव जिल्ह्यातील पहूरसारख्या गावचा रुग्ण मोठ्या शहरात शस्त्रक्रिया करून घरी परततो, तेव्हा दक्षता अधिकच हवी. ताप, जखमेतून स्राव किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवावे. प्रतिकारशक्ती क्षीण असल्याने गंभीर संसर्गातही ताप सौम्य राहू शकतो. परस्पर औषधे घेणेही धोक्याचे; क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन प्रत्यारोपणानंतरच्या काही औषधांचा प्रभाव घटविते.