सातबारा ते सदनिका : घरखरेदीदाराच्या संरक्षणाचा इतिहास

१/ पुण्याच्या चांदणी चौकापलीकडे मुळशी तालुक्यातील बावधन आहे. जेथे एकेकाळी शेते होती, तेथे आज बहुमजली गृहसंकुले आहेत. २०२१ मध्ये बावधन बुद्रुक पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. येथे सदनिका घेणारे कुटुंब बहुधा आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी करते, आणि अनेकदा इमारत उभी राहण्यापूर्वीच. पैसे दिल्यावर हाती उरतो तो केवळ कागद. त्या कागदाला बळ कसे आले?

२/ जुन्या इंग्रजी कायद्याचे तत्त्व असे होते, की मालाची पारख खरेदीदारानेच करावी. मंडईत वांगी निवडून घेता येतात. पण जे घर अजून बांधलेच नाही, त्याची पारख कशी करणार?

३/ हा प्रश्न प्रथम तीव्र झाला तो घरटंचाईने ग्रासलेल्या शहरांत. सदनिकांच्या व्यवहारांतील गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९६३ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तोच ‘मोफा’. लेखी करार करून त्याची नोंदणी केल्याशिवाय विकासकाने किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेऊ नये, असे बंधन त्याने घातले.

४/ तरीही पळवाट राहिली. सदनिका विकल्या जात, परंतु जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे होत नसे. अखेर २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरण’ आले. विकासक टाळाटाळ करीत असला, तरी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून सोसायटीला हक्क मिळवता येऊ लागला.

५/ दरम्यान पुण्यात एक चळवळ उभी राहिली होती. दादरा-नगरहवेली मुक्तिलढ्यात सहभागी झालेले बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची स्थापना केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. एकटा ग्राहक दुर्बळ असतो, संघटित ग्राहक नव्हे, हा या चळवळीचा गाभा होता.

६/ १९८४ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ही संकल्पना आली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशी त्रिस्तरीय रचना उभी राहिली. वकिलाशिवाय तक्रार मांडण्याची मुभा मिळाली. प्रारंभी शुल्कही नव्हते.

७/ पण घर ही ‘सेवा’ आहे काय? १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात होकारार्थी उत्तर दिले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने गृहबांधणी कायद्याच्या व्याख्येतही आली. घराचा ताबा रखडलेल्या कुटुंबाला ग्राहक मंचाचे दार उघडले.

८/ २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने तक्रार उद्भवण्यापूर्वीच बंधने घातली. करारापूर्वी घेता येणाऱ्या रकमेची मर्यादा १० टक्के झाली. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे आवश्यक ठरले. ‘सुपर बिल्ट-अप’च्या फुगवट्याऐवजी चटई क्षेत्र सांगणे बंधनकारक झाले. १ मे २०१७ रोजी ‘महारेरा’चे कामकाज सुरू झाले.

९/ आणि सहीचे काय? २०१९ मध्ये गुरुग्राममधील एका प्रकल्पाचा करार सर्वोच्च न्यायालयापुढे आला. हप्ता चुकल्यास ग्राहकाने १८ टक्के व्याज द्यायचे. परतावा देताना विकासकाने मात्र ९ टक्के! असा एकतर्फी करार ही अनुचित व्यापारी प्रथाच होय, आणि केवळ सही केली म्हणून ग्राहक त्याने बांधला जात नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

१०/ त्याच वर्षीच्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करारा’ची व्याख्या केली. तक्रारदाराला आपल्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे दाद मागता येऊ लागली. म्हणजे विकासकाचे कार्यालय दिल्लीत असले, तरी बावधनकरास दिल्ली गाठावी लागत नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

११/ १९६३ पासूनच्या या वाटचालीत प्रत्येक कायदा आधीच्या कायद्यातील एखादी फट बुजवीत आला. ती फट प्रथम दिसली, ती बहुधा तिच्यात ज्याची पुंजी अडकली होती, त्या ग्राहकालाच. म्हणूनच करार सहीपूर्वी वाचणे आणि प्रत्येक पावती जपून ठेवणे, हा या इतिहासातील आपला वाटा आहे.