नोंदीतील पत्ता आणि फेरफार : सर्व्हर-लॉगची साधनचिकित्सा

एका मोठ्या संकेतस्थळामागे अनेक सर्व्हर कार्यरत असतात. आलेली प्रत्येक विनंती त्यांपैकी एकाकडे वळविणे हे लोड बॅलन्सरचे कार्य होय. कोणती विनंती केव्हा आणि कोणत्या पत्त्यावर गेली याची नोंद तो लॉगमध्ये करतो. पुढे बिघाड वा चोरी झाल्यास हीच नोंद पुरावा ठरते. सर्व्हरचा पत्ता बदलल्यास या पुराव्याचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात इतिहासाच्या साधनचिकित्सेच्या दृष्टीने केला आहे.

प्रारंभी हा प्रश्न फारसा नव्हता. अर्पानेटच्या काळात एलिझाबेथ फाइनलर यांच्या केंद्रात सर्व यंत्रांची नावे व पत्ते एकाच यादीत ठेवले जात. यंत्रे वाढली तशी ती यादी अपुरी पडली आणि 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था मांडली. नाव कायम ठेवून पत्ता बदलणे त्यामुळे सुलभ झाले. विली तारो यांच्या 'एचएप्रॉक्सी' या प्रसिद्ध लोड बॅलन्सरमध्ये 2015 च्या 1.6 या आवृत्तीपासून चालू स्थितीतच डीएनएसला विचारून सर्व्हरचा पत्ता बदलण्याची सोय आली.

अडचण येथेच उद्भवते. विनंती सर्व्हरकडे जाते आधी. लॉगची ओळ मात्र बहुधा काम संपल्यावर लिहिली जाते. मधल्या काळात पत्ता बदलला आणि लिहिणाऱ्या आज्ञावलीने सर्व्हरचा 'आजचा' पत्ता वाचला, तर जेथे विनंती गेलीच नाही ते ठिकाण नोंदीत येते. याहून विचित्र प्रकारही संभवतो. आयपीव्ही6 चा पत्ता 128 बिटांचा असतो. एक धागा तो बदलत असताना दुसऱ्याने कुलपाविना वाचला, तर अर्धा जुना व अर्धा नवा असा, कधीही अस्तित्वात नसलेला पत्ता हाती येऊ शकतो. म्हणून जोडणी होते त्याच क्षणी पत्त्याची नक्कल त्या विनंतीच्या खात्यात उतरवून घ्यावी व लॉगमध्ये तीच लिहावी, हा मार्ग योग्य वाटतो.

हा विचार आपल्या महसुली दप्तरास अपरिचित नाही. खातेदार बदलला की सातबाऱ्यावरील जुन्या नावास कंस होतो, शेजारी फेरफार क्रमांक पडतो आणि बदलाचे कारण गाव नमुना सहामध्ये स्वतंत्र नोंदले जाते. जुने नाव खोडून नाहीसे केले जात नाही. लॉगमध्येही पत्ताबदलाची अशीच स्वतंत्र, दिनांक-वेळेसह ओळ असावी. केवळ नवा पत्ता ठेवणे म्हणजे फेरफार न लिहिता सातबारा बदलणे होय.

सोयगाव तालुक्याच्या अभ्यासकास हे विशेष जाणवेल. मलिक अंबरने 1610 मध्ये वसविलेले खडकी पुढे औरंगाबाद झाले, 2023 मध्ये शहर व जिल्हा दोहोंचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. निजामी अमदानीतील कागदावर 'औरंगाबाद' व फसली सन असतो. सूचीकाराने तेथे आजचे नाव घातले तर कागद शोधणे सोपे होईल, परंतु तो कोणत्या दप्तरातून आला याचा माग पुसला जाईल. दोन्ही नावे हवीत, पण वेगवेगळ्या रकान्यांत.

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार संगणकप्रणालींचे लॉग 180 दिवस जतन करावे लागतात. पत्ता चुकीचा असल्यास तोही तितकेच दिवस जतन होतो, आणि चौकशीत ज्या यंत्राने ते काम केलेच नाही त्याच्या चालकास जाब द्यावा लागतो.