घडी कोणी घातली?

संशोधनाचा विषय शोधताना बहुतेकजण आधी लढाई, तह, चळवळ असं काहीतरी मोठं शोधतात. आज तुम्ही फक्त तुमचं कपाट उघडा. आत कपड्यांच्या घड्या असतील (बोळे असतील तरी चालेल). आता सांगा, घडी घालण्याचा इतिहास लिहायचा झाला तर पुरावा कुठे शोधाल? घडी घालणारं माणूस त्याची नोंद करून ठेवत नाही.

सुरुवात भाषेपासून करा. नवी साडी पहिल्यांदा नेसली की आपण म्हणतो, 'घडी मोडली'. यात टापटिपीचा काही संबंध नाही. घडी मोडेपर्यंत वस्त्र कोरं, आणि कोरं वस्त्र दुसऱ्याला देता येतं. लग्नात मानाची म्हणून आलेली साडी घडीसकट पुढच्या लग्नात जाते, हे तुम्हीही पाहिलं असेल. न शिवलेल्या कापडाला अंगाचं माप नसतं, म्हणून ते असं फिरू शकतं. घडी हा त्याच्या कोरेपणाचा शिक्का.

दरबारातही वस्त्र असंच दिलं-घेतलं जायचं. शाहू महाराजांनी १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं, ते आपण 'पेशवाईची वस्त्रं दिली' असं सांगतो. मग अशी वस्त्रं सांभाळायला खातं लागणारच. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत जामदारखाना येतो. त्यातला 'जामा' म्हणजे फारसीत वस्त्र. पुढे या शब्दाला खजिन्याचाही अर्थ आला. कापडाला किती किंमत होती ते यावरूनच कळतं. गंमत म्हणजे पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागदसुद्धा कापडात बांधलेले असतात, त्या गठ्ठ्यांना 'रुमाल'च म्हणतात. पहिला रुमाल सोडाल तेव्हा गाठ कशी होती ते आधी बघून ठेवा. नंतर तशीच बांधावी लागते!

पण हिशेबाच्या कागदांना तुम्ही कापड कोणतं, किंमत काय, कोणाला दिलं एवढंच विचारू शकता. धुणाऱ्याचा, घडी घालणाऱ्याचा हात त्यात शोधणं अवघड. तो सापडतो 'परीटघडी' या शब्दात. परीट हा गावचा बलुतेदार, त्याच्या कामाचा मोबदला सुगीला धान्यात मिळायचा. परीटघडीचा सदरा घातला की कौतुक घालणाऱ्याचं होतं, पण कष्ट कोणाचे ते शब्दानंच धरून ठेवलंय. माझ्या मते हा एक शब्द अख्ख्या जामदारखान्याइतका मोलाचा पुरावा आहे.

पुढचं थोडक्यात. शिवलेले कपडे वाढले, इस्त्री आली, गोदरेजनं १९२३ पासून पोलादी कपाटं बनवायला घेतली, हँगर आले. ट्रंकेतल्या घड्या कमी होत गेल्या.

आता शेवटचा पुरावा, खुद्द कापड. जर म्हणजे दोऱ्यावर गुंडाळलेली धातूची बारीक पट्टी. पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली तर जर आणि रेशीम नेमकं त्या रेषेवर तुटतं. म्हणून घरोघरी बायका ती मलमलीत गुंडाळतात, अधूनमधून घडी बदलतात. संग्रहालयांत तर जुनी वस्त्रं शक्यतो नळीवर गुंडाळून ठेवतात. संशोधकाला मात्र ती तुटलेली रेषा हवी असते. नेसलेल्या साडीची झीज वेगळी असते. तिचा काठ खालून, पायाशी घासलेला असतो.

तेव्हा घरातली एखादी जुनी साडी काढा. काठ झिजलाय की घडी फाटलीय, ते बघा. काठ धड आणि घडी फाटलेली असेल, तर ती नेसली गेली कमी आणि ट्रंकेत राहिली जास्त. सणावारीच निघत असेल. किंवा नवरा गेल्यावर रंगीत लुगडं नेसायचं नाही म्हणून कोणीतरी ती नीट घडी घालून ठेवली असेल. कापडावरून एवढंच कळतं. खरं काय झालं ते सांगणारी आजी किंवा मोठी आत्या अजून घरात असेल, तर पुराभिलेखागाराची तारीख ठरवायच्या आधी तिच्याशी बोलून घ्या.