मीरासाहेबांचा पहिला गलेफ

मंडळाच्या या स्मरणिकेत इतिहासाविषयी काही लिहावे असे ठरले, तेव्हा प्रथम गड-किल्ले डोळ्यांपुढे आले. पण लढायांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्या सातारा-सांगलीकडे मने जोडणारी जी एक जुनी परंपरा आहे, त्या सूफी संतांच्या परंपरेविषयी चार शब्द लिहावेत, असे मी मनाशी ठरविले.

सूफी म्हणजे वारकऱ्याला ओळखीची वाटावी अशीच माणसे. आठव्या शतकात बसऱ्याला राबिया नावाची स्त्री होऊन गेली. नरकाच्या भयाने किंवा स्वर्गाच्या लोभाने केलेली भक्ती ही भक्तीच नव्हे, अशी तिची शिकवण. आपल्याकडील निष्काम भक्ती याहून निराळी ती काय? नामस्मरणात मनातला 'मी' गळून पडावा, हा सूफींचा खरा उद्योग. 'मी'च गेला तर शेजाऱ्याशी तंटा करायला उरतो कोण, असा हा साधा हिशेब आहे.

साताऱ्याच्या राजघराण्याचाच दाखला घ्या. मालोजीराजे व उमाबाई यांना मूल होत नव्हते. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या पिराच्या कृपेने त्यांना दोन पुत्र झाले आणि त्यांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेविली, असे कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त आले आहे. शिवछत्रपतींच्या वडिलांचे नाव एका सूफीच्या नावावरून आले, हे आपण मुलांना कितीसे सांगतो?

पुढे त्याच घराण्यातले शाहू महाराज, जे स्वतः मोहिमेवर क्वचितच निघत, ते साताऱ्याहून जातीने मिरजेवर चालून गेले आणि 1739 मध्ये तो किल्ला मराठ्यांकडे आला. नंतर मिरजेत पटवर्धनांचे संस्थान झाले. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले. एवढी राज्ये आली नि गेली, ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा मात्र जागचा हलला नाही. आजही हिंदू-मुसलमान दोघेही तेथे नवस फेडायला जातात.

या दर्ग्याच्या उरुसातील एक रिवाज मला फार मोलाचा वाटतो. कबरीवर गलेफ, म्हणजे चादर, चढवितात. त्यात पहिला मान चर्मकार समाजाचा. ज्यांना एके काळी देवळाच्या पायरीशीही उभे राहू देत नसत, त्यांच्या हातची चादर येथे सर्वांच्या आधी पडते. जत्रेतली भांडणे बहुधा मानावरूनच होतात, हे आपण सर्वजणी जाणतो. कोणाची काठी पुढे, कोणाची पालखी मागे, यावरून सख्खे भाऊ वैरी होतात. मिरजेने मानाच्या रांगेचा आरंभच शेवटच्या माणसापासून केला. त्याला ना व्याख्यान लागले, ना ठराव. शांतीवर बोलणारे आपल्याकडे उदंड. असा एक रिवाज पाळून दाखविणारे थोडे.

परंतु दर्गा आहे म्हणून सारे आलबेल आहे, असे लिहिणे खोटेपणाचे होईल. याच मिरजेत 2009 च्या सप्टेंबरात, ऐन गणेशोत्सवात, एका कमानीवरील चित्रावरून दंगल उसळली. संचारबंदी लागली, विसर्जन खोळंबले आणि दंगलीचे लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत गेले. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातील पुसेसावळीस, 2023 च्या सप्टेंबरात समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन जमावाने मशिदीवर हल्ला केला आणि एका तरुणाचा जीव गेला. गलेफाचा मान वर्षातून एकदा येतो. मोबाइलवरचा मजकूर घरात क्षणोक्षणी येतो. माझ्या मते खरी अडचण येथे आहे. तो मजकूर पुढे धाडणारा हात पुष्कळदा आपल्याच घरातला असतो, आणि त्याला विचारणारे कोणी नसते.

आता मनाच्या शांतीविषयी. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत घर केले, आणि मीरासाहेबांवर त्यांची मोठी श्रद्धा होती. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेचाच, 1905 चा. बाईने तिकीट लावून उघड्या मंचावर गावे, ही वाट ज्यांनी पाडली त्या ह्याच हिराबाई. खाँसाहेबांना घरातले सुख मात्र पुरते लाभले नाही. पत्नी ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांनी माने हे नाव लावले. ताराबाईंची बाजूही कोणीतरी सविस्तर लिहावयास हवी. एवढे सोसूनही खाँसाहेबांच्या सुरातला गोडवा आटला नाही. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांपुढेही ते गायले होते.

ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीस जाताना वाटेत त्यांच्या छातीत कळ आली. सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले, फलाटावर बिछाना घातला, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी रागात प्रार्थना म्हणत देह ठेविला, असे सांगतात. त्यांना मिरजेस आणून मीरासाहेबांच्या आवारातच दफन केले. उरुसात तेथे चिंचेच्या झाडाखाली दरवर्षी गाणे होते. गाणारे निरनिराळ्या जातिधर्मांचे असतात. तंबोरे मिरजेच्या शिकलगारांनी घडविलेले; या घराण्यांतले पूर्वज हत्यारांना धार लावीत. आणि त्या तंबोऱ्यांचे भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून.