शिक्का मिळाला, सांभाळणार कोण?

2016 साली चाकणच्या कारखान्यात तयार झालेली फोक्सवॅगनची अमिओ बाजारात आली, तेव्हा तिच्या टचस्क्रीनची मोठी मिरवण्याची गोष्ट म्हणजे मिररलिंक. वायरने फोन जोडायचा आणि फोनवरचे ॲप गाडीच्या पडद्यावर वापरायचे. जून 2020 मध्ये सॅमसंगने आपल्या फोनवरची ही सोय बंद केली आणि 2023 मध्ये कार कनेक्टिव्हिटी कन्सोर्टियम या मूळ संस्थेनेच मिररलिंकचा गाशा गुंडाळला. त्या गाड्या अजून धावताहेत, पडदेही शाबूत आहेत, पण जोडायला नवा फोन मिळत नाही. ‘ॲपल आणि गूगल आले, बाकीचे संपले’ असे याचे एका वाक्यात उत्तर दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मिररलिंकची घडणच अशी होती की प्रमाणपत्र मिळवण्यापेक्षा ते टिकवणे महाग पडावे आणि त्या टिकवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कधीच पक्के ठरू नये.

या तंत्राचे मूळ नोकियाच्या संशोधन केंद्रातले. तिथे त्याचे नाव होते टर्मिनल मोड. 2011 मध्ये डेमलर, जनरल मोटर्स, होंडा, ह्युंदाई, टोयोटा, फोक्सवॅगन, अल्पाइन, पॅनासॉनिक, एलजी, सॅमसंग आणि नोकिया अशा 11 कंपन्यांनी मिळून कन्सोर्टियम उभे केले. कल्पना सरळ होती. फोन स्वतःच्या पडद्याचे चित्र यूएसबीवरून गाडीकडे पाठवणार, चालकाचे बोट पडद्यावर कुठे पडले ते गाडी फोनला कळवणार. कोणाही एकाची मक्तेदारी नको, म्हणून फोन आणि गाडीतले हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डवरची पडद्याची यंत्रणा, या दोन्हींची अधिकृत प्रयोगशाळेत चाचणी व्हायची. जोडणीच्या वेळी ‘तू खरोखर प्रमाणित फोन आहेस का’ याची खातरजमा गाडीला करता यावी, अशीही तरतूद होती. इथवर सगळे ठीक होते. पेच पडला तो ॲपपाशी.

फोनचा पडदा जसाच्या तसा गाडीत आला, तर चालत्या गाडीत चालक काय काय बघत बसेल? ही भीती पोकळ नव्हती. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे एनएचटीएसएने, 2013 मध्ये जी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत एका वेळी नजर रस्त्यावरून 2 सेकंदांहून जास्त हटू नये आणि एका कामासाठी एकूण 12 सेकंदांहून जास्त नको, असे माप घालून दिले होते. मिररलिंकने ॲपचे दोन वर्ग केले: फक्त उभ्या गाडीत चालणारे आणि गाडी चालवतानाही वापरता येणारे. दुसऱ्या वर्गाची कसोटी अर्थातच कडक. ॲपसोबत त्याचे प्रमाणपत्र असायचे आणि ते अजून वैध आहे का, हे फोन ठरावीक मुदतीत संस्थेच्या सर्व्हरला विचारून घ्यायचा. म्हणजे एकदा शिक्का मारला आणि सुटलो, असा हा मामला नव्हता. पलीकडे उत्तर द्यायला कोणीतरी कायम हजर असणे भाग होते. त्यात चित्र ॲपवाल्याचेच असल्याने बटणाची जागा किंवा अक्षरांचा आकार बदलला, की सुरक्षिततेचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. दर थोड्या दिवसांनी नवी आवृत्ती काढणाऱ्या छोट्या ॲप कंपनीने एवढा खटाटोप कोणाच्या भरवशावर करायचा?

यावर आक्षेप येईल की ॲपल आणि गूगल तरी प्रमाणीकरणातून कुठे सूट देतात? देत नाहीत, उलट जास्तच करडे आहेत. इतरांनी बनवलेल्या जोड-उपकरणांना परवाना देणारा ॲपलचा एमएफआय कार्यक्रम 2005 पासूनचा. त्यात उपकरणाची ओळख पटवणारी चिपदेखील ॲपलच्याच परवानगीने मिळते. मार्च 2014 मध्ये जिनिव्हात कारप्ले आले, त्याच वर्षी जूनमध्ये अँड्रॉइड ऑटो जाहीर झाले आणि दोन्हींसाठी हेड युनिटवाल्यांना चाचण्यांच्या चरकातून जावेच लागते. तेव्हा कडकपणाने मिररलिंक बुडाले, असे म्हणता येत नाही. फरक रचनेत आहे. या दोघांनी संगीत किंवा संदेशांच्या ॲपला गाडीचा पडदा मोकळा सोडलाच नाही. ॲपने फक्त मजकूर द्यायचा, तो ठरलेल्या साच्यात मांडण्याचे काम प्रणालीचे. त्यामुळे नजर किती वेळ हटते याचा बराचसा हिशेब साचा करतानाच होतो, प्रत्येक ॲपच्या प्रत्येक आवृत्तीला नव्याने मांडावा लागत नाही. शिवाय हे चालू ठेवण्यात त्यांचा रोखठोक स्वार्थ आहे: गाडीत आपला फोन चालला नाही, तर गिऱ्हाईक दुसऱ्याचा फोन घेईल. कन्सोर्टियममध्ये असा स्वार्थ 11 जणांत वाटला गेला, आणि ज्याचा सर्वांत जास्त होता त्या नोकियाने 2014 मध्ये फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टला विकून टाकला.

मग हे काम सरकारी यंत्रणेकडे द्यायला हवे होते का? पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था 1966 पासून वाहनांच्या चाचण्यांत मुरलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नमुन्याला मंजुरी मिळाल्यावरही काम संपत नाही. होमोलोगेशनवाले, म्हणजे अशा मंजुऱ्यांचे काम करणारे, ज्याला सीओपी (कन्फॉर्मिटी ऑफ प्रॉडक्शन) म्हणतात ती तपासणी होत राहते. मंजूर झाला तोच माल कारखान्यातून बाहेर पडतो आहे ना, हे त्यात पाहतात. टिकवण्याची जबाबदारी इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच लिहिलेली सापडते. पण या पद्धतीचे सगळे गृहीतकच असे, की वस्तू बदलू नये. ब्रेक बदलला तर तो दोष. ॲप बदलले नाही, तर मात्र तोच दोष ठरतो. म्हणून ही चौकट उचलून इथे बसवता आली नसती. जबाबदारीचा धनी आधी नेमायचा, एवढे मात्र तिच्याकडून घेता आले असते.

तेच कन्सोर्टियम आता फोनलाच गाडीची किल्ली करणाऱ्या डिजिटल की या मानकाचे प्रमाणीकरण चालवते, आणि या वेळी ॲपल, गूगल व सॅमसंग तिघेही सदस्य आहेत. मिररलिंक बंद पडले तेव्हा गाणी आणि नकाशे गेले, लोकांनी फोन डॅशबोर्डवर अडकवून वेळ भागवली. किल्लीचे तसे नाही. पंधरा वर्षे चालणाऱ्या गाडीच्या किल्लीची वैधता शेवटच्या वर्षीही कोण राखणार, हे गाडी विकतानाच्या कागदांत लिहिलेले असावे, ही मागणी ग्राहकाने आत्ताच करायला हवी.