पट्ट्यापासून खटक्यापर्यंत
शर्यतीच्या सायकलच्या पायडलवर पूर्वी पोलादी पिंजरा आणि चामडी पट्टा असे. थांबण्याआधी वाकून पट्टा हाताने सैल करावा लागे. विसरला तो सायकलसकट आडवा. 1971 मध्ये इटलीच्या चिनेल्लीने पट्ट्याविना पायडल आणले, पण तेही हातानेच सुटे, म्हणजे अडचण तिथेच. तोडगा निघाला बर्फावरून. फ्रान्सची लूक कंपनी स्कीचे बूट पकडणारे खटके बनवी. पडताना ते आपोआप सुटत. हेच तत्त्व तिने 1984 मध्ये पायडलला लावले: टाच बाहेर वळवली की बूट मोकळा. पुढच्याच वर्षी बेर्नार इनोने याच पायडलवर टूर द फ्रान्स जिंकली. मुरलेल्या पायांना मात्र ते लगेच रुचले नाही. आयर्लंडचा शॉन केली इतरांनी सोडल्यावरही कित्येक वर्षे पट्टेच आवळत राहिला.