आधी पेठ, मग वाट

इंग्लंडातल्या एखाद्या काउंटीत रोमन रस्ते शोधणाऱ्याच्या हाताला निदान रस्ता तरी लागतो: खडीचा थर, कडेचे चर, मैलाचा दगड. इव्हान मार्गरी यांनी तर 1955 साली निघालेल्या ग्रंथात त्या रस्त्यांना क्रमांकच देऊन टाकले. रस्ता हाती आला की त्याच्या काठची लहान गावे धुंडाळायची, असा तिकडचा क्रम. धारवाडच्या मळमड्डीत बसून गावाभोवतीच्या जुन्या वाटांचा अभ्यास करायचा तर हा क्रम उलटा करावा लागतो. लमाणांचे तांडे आणि पाठाळ बैल जिथून गेले तिथे फरसबंदी नव्हती. पूर्वेकडच्या काळ्या रानात तर वाटेचा माग एका पावसाळ्यात पुसला जातो. टिकली ती पेठ. म्हणून आधी पेठ, मग तिथली जकात आणि शेवटी वाट.

जकातीचा पुरावा भरपूर आहे आणि तो देवळांत आहे. चालुक्यकाळातल्या कन्नड शिलालेखांत पेर्जुंक, वड्डरावुळ अशी करांची नावे वारंवार भेटतात. त्यांतला वाटा देवाच्या दिवाबत्तीला तोडून दिलेला असतो. ऐहोळेच्या 'पाचशे स्वामीं'चा, म्हणजे तिथल्या व्यापारी श्रेणीचा उल्लेख आला की खुशाल समजावे, गाव लांबच्या वाटेवर होते. अण्णिगेरी आणि लक्कुंडी आज आपण बसच्या खिडकीतून पाहून सोडून देतो. पण अण्णिगेरी हे 'बेळवोल तीनशे' या प्रांताचे मुख्य ठाणे होते. लक्कुंडीत टांकसाळ होती आणि अत्तिमब्बे या जैन श्राविकेने 1007 साली तिथे जिनालय बांधले. एवढा पैसा, माझ्या मते, नुसत्या ज्वारीतून उभा राहत नाही.

माझे आवडते उदाहरण मात्र अगदी जवळचे आहे. धारवाडहून बेळगावकडे निघाले की नरेंद्र लागते. तिथला 1125 सालचा लेख गोव्याच्या कदंबांचा आहे, आणि चक्क समुद्राबद्दल बोलतो: चट्टय्य राजाने गलबतांची रांग लावून लंकेपर्यंत पूल केला म्हणे! भाटाची अतिशयोक्ती वजा करा. तरी घाटमाथ्यावरच्या गावात गलबतांची बढाई दगडावर कोरावीशी वाटली, हे उरतेच. आता नकाशावर पश्चिमेला बोट सरकवा: हळशी, देगाव, अनमोडचा घाट आणि घाटाखालच्या रानात तांबडी सुर्लाचे महादेवाचे देऊळ. वर्दळ नसलेल्या जंगलात असे कोरीव देऊळ कोण बांधील? वाट दिसत नाही. पण तिचे मुक्काम दिसतात.

रोम शोधायलाही फार लांब जायला नको. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या सागरदेवतेची काशाची मूर्ती मिळाली, तर हानगलजवळच्या अक्की आलूरला रोमन आणि बायझंटाइन सोन्याची नाणी.

पुढच्या काळात कागद बोलू लागतो. हुबळीचे कापड इंग्रजांच्या कारवारच्या वखारीला जाई; 1673 साली मराठ्यांच्या फौजेने हुबळी लुटली तेव्हा तिथली इंग्रजांची वखारही सुटली नाही. अमेरिकेतल्या यादवीच्या वर्षांत, 1861 ते 65, धारवाडचा कापूस घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जात होता. मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली आणि कुमठ्याची ती रया गेली.

या अभ्यासात धारवाडच्या मराठी माणसाला एक सोय आहे, जी पुण्याच्या पंडितालाही सहसा नसते: कन्नड त्याच्या कानावर लहानपणापासून असते आणि घरच्या जुन्या दप्तरात मोडीही सापडते. जुनी कन्नड लिपी आणि मोडी, दोन्ही शिकून घ्या. 1939 पासून गावातच कन्नड संशोधन संस्था आहे. 1884 चा मुंबई इलाख्याचा धारवाड गॅझेटियर वाचायला सोपा आहे, तिथून सुरुवात करा. आणि तुमच्या गावी देवळाचा जीर्णोद्धार निघाला, तर पंचांना एवढे जरूर सांगा: लेखाच्या दगडाला ऑइलपेंट फासू नका आणि तो पायरीला बसवू नका.